कलिंगडातील विष : जप्ती, परीक्षण आणि वैद्याची नोंद

उन्हाळा लागला की अन्न व औषध प्रशासनाने फळांचा साठा जप्त केल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागतात. बहुधा ते आंबे असतात आणि कारण कॅल्शियम कार्बाइड हे असते. कार्बाइडने फळ पिकविण्यास कायद्याने मनाई आहे व अशी जप्ती योग्यच आहे. परंतु कार्बाइड हे कीटकनाशक नव्हे. त्याच्या पुड्या पेटीत सापडतात, त्यामुळे निरीक्षकाला गाळ्यावर उभ्या उभ्या गुन्हा दिसतो. फळाच्या गरातच कीटकनाशक भिनलेले असेल तर मात्र रंग, गंध, रस यांपैकी कशावरूनही ते ओळखू येत नाही. ते प्रथम कळते खाणाऱ्याला, त्यानंतर त्याच्या वैद्याला, आणि वैद्याने कळविले तरच शासनाला. या साखळीतील मधल्या कडीचा, म्हणजे आपला, विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी एक परदेशी घटना मी अभ्यासाला घेतली आहे, कारण तिच्यात ही साखळी शेवटपर्यंत जुळलेली दिसते.

शास्त्रातील अन्नरक्षा

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा पहिलाच अध्याय अन्नपानरक्षेचा आहे. वाग्भटानेही सूत्रस्थानात याला स्वतंत्र अध्याय दिला आहे. राजाच्या पाकशाळेवर वैद्याची देखरेख असावी, अन्न अग्नीत टाकून ज्वाला पाहावी, पशुपक्ष्यांची प्रतिक्रिया पाहावी, असा तेथील उपदेश आहे. फळांविषयीही लक्षण सांगितले आहे : विषाच्या संपर्काने कच्ची फळे पिकतात आणि पिकलेली कुजतात. पदवी अभ्यासक्रमात अगदतंत्र शिकताना हा भाग आपण परीक्षेपुरता पाठ केला व सोडून दिला. त्यातील परीक्षा आजच्या विषांना लागू पडत नाहीत हे खरे आहे. मात्र अन्नाच्या निर्विषतेची जबाबदारी आचार्यांनी वैद्यावर टाकली होती, एवढी गोष्ट त्यातून घेण्याजोगी आहे.

कॅलिफोर्निया, जुलै १९८५

अमेरिकेत ४ जुलै हा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी कुटुंबे एकत्र जमून भोजन करतात व कलिंगड हा त्या भोजनाचा ठरलेला भाग असतो. १९८५ साली याच सुमारास कॅलिफोर्निया राज्यात कलिंगड खाल्ल्यानंतर अल्पावधीत वमन, अतिसार, अतिस्वेद, अश्रुस्राव, स्नायूंचे स्फुरण व मंद नाडी अशी लक्षणे घेऊन रुग्ण येऊ लागले. शेजारच्या ओरेगन राज्यातूनही तशीच वर्दी होती. कलिंगडांच्या परीक्षणात अल्डिकार्ब या कीटकनाशकाचे अवशेष, विशेषतः त्याचे अल्डिकार्ब सल्फॉक्साइड हे रूप, आढळले. अल्डिकार्ब कापूस, बटाटा अशा पिकांसाठी मान्य होते. कलिंगडासाठी त्याला मान्यता नव्हतीच, म्हणजे तेथे त्याचा कितीही अल्प अवशेष असणे हाच नियमभंग होता.

शासनाने सरसकट विक्रीबंदी केली आणि वितरणाच्या साखळीत त्या वेळी असलेली राज्यातील सर्व कलिंगडे नष्ट करविली. यात अर्थातच निर्दोष शेतकऱ्यांचा मालही गेला. तपासलेल्या कलिंगडांपैकी थोड्याच फळांत विष आढळले होते. परंतु सविष फळ निर्विष फळापासून वेगळे काढण्याचे कोणतेही बाह्य साधन नसल्याने दुसरा मार्ग उरला नव्हता. पुढे शेते तपासून, प्रमाणित केलेल्या मालावर चिकटपट्टी लावून मगच विक्री सुरू झाली.

राज्याच्या आरोग्य विभागाकडे एकूण १,३७६ व्यक्तींच्या आजाराच्या नोंदी आल्या. त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक नोंदी कार्बामेट विषबाधेच्या संभाव्य वा शक्य कोटीत बसविल्या गेल्या. सतरा जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ४७ नोंदी गर्भिणींच्या होत्या व त्यांपैकी दोघींनी पुढे मृतजन्म झाल्याचे कळविले. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण गर्भिणीला फलाहार सुचविताना हा आकडा माझ्या मनात राहतो. अनेक नोंदींत परस्परांशी नाते नसलेल्या व्यक्ती एकाच कलिंगडाच्या फोडी खाऊन आजारी पडल्या होत्या. निदान पक्के करण्यास अशा नोंदींची मोठी मदत होते, आणि अशी नोंद वैद्याने विचारल्याखेरीज निर्माण होत नाही.

अल्डिकार्ब दाणेदार स्वरूपात मातीत टाकले जाते. ते पाण्यात विरघळते, मुळांवाटे शोषले जाते व रसवाहिन्यांतून पाने आणि फळे येथपर्यंत पोहोचते. अशा विषाला आंतरप्रवाही म्हणतात. सालीवर फवारलेले औषध धुण्याने काही अंशी जाते, सोलण्याने आणखी जाते. आंतरप्रवाही विषापुढे धुणे व सोलणे दोन्ही व्यर्थ होत. मीठ-हळदीच्या पाण्यात फळे बुडवून ठेवण्याचा सल्ला आपण रुग्णांना सर्रास देतो. तो पृष्ठभागापुरता आहे हे सांगण्यास मात्र विसरतो.

उंदरांमध्ये याची मुखावाटे मारक मात्रा शरीरभाराच्या दर किलोला सुमारे एक मिलिग्रॅम, इतके ते तीक्ष्ण आहे. कॅलिफोर्नियातील रुग्णांच्या अभ्यासातून असेही निघाले की, पूर्वी समजत होते त्याहून कमी मात्रेतही मनुष्यात लक्षणे उत्पन्न होऊ शकतात.

येथे एक भारतीय धागा सांगितला पाहिजे. अल्डिकार्बची निर्मिती अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनी करीत असे व त्यासाठी मिथाइल आयसोसायनेट लागे. याच वायूने त्याआधी सात महिने, २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री, भोपाळमध्ये हजारोंचे प्राण घेतले होते. तेथील कारखाना कार्बारिल या दुसऱ्या कार्बामेटसाठी तो वापरीत होता. भारतात अल्डिकार्बवर २००१ साली बंदी आली. अमेरिकेत त्याची माघार २०१० साली जाहीर झाली. त्यामुळे आपल्या कलिंगडात आज नेमके हेच द्रव्य सापडेल असे माझे म्हणणे नाही. परंतु याच प्रकारे कार्य करणारी ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट वर्गातील द्रव्ये आपल्या शेतांत आली आणि राहिली. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून मनाई असतानाही कृषी सेवा केंद्रातून कापसासाठी नेलेला डबा शेजारच्या भाजीच्या वाफ्यावर रिकामा होणे अवघड नव्हते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करणाऱ्या वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला, तेव्हा ही द्रव्ये किती सहज हाताळली जातात हे सर्व महाराष्ट्राने पाहिले.

लक्षणे : ओला रुग्ण आणि सुका रुग्ण

ही दोन्ही वर्गांतील द्रव्ये कोलिनेस्टरेज या एन्झाइमला अडवितात. परिणामी ॲसिटिलकोलिन साठते आणि शरीरातील स्राव जणू एकदम मोकळे सुटतात. लाला, अश्रू, स्वेद, मूत्र, मल आणि कफ सर्वच वाढतात. डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते, मांसपेशी फडफडतात. तीव्र अवस्थेत श्वासमार्गात स्राव भरून व श्वसनपेशी दुर्बल होऊन मृत्यू येतो. कार्बामेटमध्ये एन्झाइमचा हा अवरोध आपोआप सुटतो, म्हणून सौम्य रुग्ण बहुधा एका दिवसात बरा होतो. तो लवकर बरा होत असल्यामुळेच निदान हुकते.

उन्हाळ्यात आपल्याकडे येणारा नेहमीचा छर्दि-अतिसाराचा रुग्ण याच्या उलट असतो. जलक्षयाने त्याचे तोंड कोरडे, जीभ सुकलेली, नाडी क्षीण पण शीघ्र असते व बाहुल्या प्राकृत असतात. विषाचा रुग्ण जुलाब होत असतानाही घामाने निथळत असतो, तोंडातून लाळ गळते आणि नाडी मंद लागते. लक्षणे खाल्ल्यानंतर बहुधा दोन तासांच्या आत उद्भवतात. टॉर्च, घड्याळ आणि नाडीवर बोट एवढ्या साधनांत हा भेद कळतो. अर्थात सर्व लक्षणे एकाच रुग्णात मिळतील असे नाही. भयाने किंवा श्वासावरोधाने नाडी शीघ्रही असू शकते. बाहुल्या मात्र प्रत्येक वेळी पाहाव्यात.

हे लिहिताना स्वतःची चूक लपविणे योग्य होणार नाही. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका सायंकाळी माझ्या चिकित्सालयात एकाच घरातील आजी, सून व दोन मुले आली. चौघांनाही दुपारच्या झोपेआधी कलिंगड खाल्ल्यानंतर तासाभरातच उलट्या व जुलाब सुरू झाले होते. घरातील पुरुष कामावर होता, त्याने फळ खाल्ले नव्हते व त्याला काहीही झाले नव्हते. मी अजीर्ण-विसूचिका असे निदान लिहिले, संजीवनी वटी व लाजमंड दिला आणि मुलांसाठी क्षारसंजीवनी सांगितली. धाकट्या मुलाचा सदरा छातीवर लाळेने ओला होता व आजींचे अंग घामाने भिजले होते. मला वाटले, उकाडा आहे. बाहुल्या मी पाहिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चौघेही बरी झाली व सून म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या औषधाने लगेच उतार पडला." मी ते मान्यही केले.

पुढे कित्येक महिन्यांनी कॅलिफोर्नियाच्या घटनेचा वृत्तांत वाचताना ते चार केसपेपर मी काढून पाहिले. आहाराच्या रकान्यात "फलाहार" एवढाच शब्द होता. कोणत्या गाडीवरून घेतले, अर्धे फळ घरात शिल्लक होते का, शेजारी कोणी खाल्ले का, यांतील काहीही लिहिलेले नव्हते. ती बाधा विषाची होती असे मी आज म्हणू शकत नाही, नव्हती असेही म्हणू शकत नाही. पुरावा घंटागाडीत गेला आणि त्याच गाडीवरची उरलेली फळे कोणाच्या घरी गेली हे शोधण्याचा मार्गही तेथेच संपला.

दूषीविष म्हणावे काय?

आपल्या परिसंवादांत कीटकनाशक म्हटले की दूषीविष हा शब्द लगेच येतो. माझे मत भिन्न आहे. दूषीविष हे जीर्ण, क्षीणवीर्य व कफाने आवृत होऊन दीर्घकाळ देहात राहणारे विष होय. दीर्घकाळ अल्प मात्रेत पोटात जाणाऱ्या व मेदात साठणाऱ्या डीडीटीसारख्या द्रव्यांना ते काही अंशी लावता येईल. अल्डिकार्ब तासाभरात लक्षणे दाखविते व दिवसाभरात उत्सर्जित होऊ लागते. आशु, व्यवायी, सूक्ष्म, तीक्ष्ण असे जे विषाचे गुण चरकाचार्यांनी सांगितले ते येथे पूर्ण बलाने उपस्थित आहेत. त्याला दूषीविष म्हटल्यास चिकित्सेत घातक विलंब होतो, कारण मग दूषीविषारि अगद देऊन आठ दिवसांनी बोलाविण्याची वृत्ती होते.

चिकित्सेविषयी दोन सूचना. चरकाच्या चोवीस उपक्रमांत वमन आहे म्हणून अशा रुग्णाला वमन देऊ नये. तो आधीच वमन करीत असतो. श्वासमार्ग स्रावांनी भरलेला व संज्ञा मंद असताना वमनद्रव्य फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा आहे. दुसरे म्हणजे, आधुनिक चिकित्सेतील ॲट्रोपिन हे धत्तूराच्या कुळातील वनस्पतींत मिळणारे द्रव्य आहे, एवढ्या आधारावर धत्तूरबीज देण्याचा विचार कोणी मनातही आणू नये. बीजातील अल्कलॉइडांचे प्रमाण झाडागणिक बदलते, शोधनाने आणखी बदलते, आणि धत्तूर स्वतः शेड्यूल ई-१ मधील विषद्रव्य आहे. ॲट्रोपिन शिरेवाटे, बाहुल्यांपेक्षा श्वासमार्गातील स्रावांकडे पाहत, मोजून द्यावयाचे असते. ते रुग्णालयातच शक्य आहे. आपण रुग्णाला कुशीवर निजवावे, तोंड पुसून श्वासमार्ग मोकळा ठेवावा, वाहन बोलवावे, आणि खाल्लेल्या फळाचा उरलेला भाग सालीसकट स्वच्छ पिशवीत घालून, वेळ लिहून शीतकपाटात ठेवण्यास घरच्यांना सांगावे. चिठ्ठीवर फळ, खाण्याची वेळ, लक्षणांची वेळ व बाहुल्यांची स्थिती लिहून पाठवावी.

कायदा काय देतो

अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधील कलम ३५ आपल्या व्यवसायाशी थेट निगडित आहे. अधिसूचित क्षेत्रातील नोंदणीकृत चिकित्सकांनी निदर्शनास आलेल्या अन्नविषबाधा विहित अधिकाऱ्यास कळविल्या पाहिजेत, असे बंधन या कलमाखाली घालता येते. अधिसूचना नसली तरी कळविण्यास कोणी अडविलेले नाही. कलम ३८ अन्नसुरक्षा अधिकाऱ्यास नमुना घेण्याचा व माल जप्त करण्याचा अधिकार देते. कलम ३४ खाली तातडीची मनाई करता येते. कलम ४० प्रमाणे खरेदीदारालाही शुल्क भरून अन्नाचे पृथक्करण करून घेता येते. ही गोष्ट मी विचारलेल्या दहांपैकी एकाही वैद्याला ठाऊक नव्हती.

अडचण कालाची आहे. नमुना पोहोचल्यापासून अन्न विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवसांची मुदत आहे. कलिंगडाची गाडी चौदा दिवसांत चार वेळा रिकामी होते. म्हणून रुग्णांच्या नोंदी त्वरेने एकत्र आल्या तरच तातडीच्या मनाईला आधार मिळतो. एका वैद्याचा एक रुग्ण हा संशय असतो. एकाच पेठेतील चार वैद्यांचे सहा रुग्ण, तेच फळ आणि तोच दिवस, अशी नोंद आली तर अधिकाऱ्यास बाजार समितीच्या आवारात जाण्याचे कारण मिळते. आपल्या तालुका शाखांच्या मासिक सभेत व्याख्यानानंतर चहा होतो, त्या वेळेतही एवढी देवाणघेवाण होऊ शकेल.

फार्मसीधारकांसाठी

ताज्या फळाचा रुग्ण निदान दिसतो तरी. फार्मसीत आलेले फळ क्वाथ, आसव, अवलेह होऊन शेकडो बाटल्यांत वाटले जाते. द्राक्षासव करणाऱ्यांनी बेदाण्याचा विचार विशेष करावा. तासगाव भागात सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा उतरतो. पाणी उडते, न उडणारा व न विघटणारा अवशेष तेवढाच राहिल्यास किलोमागे त्याचे प्रमाण चौपटीपर्यंत जाऊ शकते. शिवाय द्राक्षे लवकर सुकावीत म्हणून डिपिंग ऑइल व पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडविली जातात आणि पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. खाण्याच्या दृष्टीने हा रंग बाजारात भाव मिळवितो, औषधाच्या दृष्टीने त्याची काहीही मातब्बरी नाही. साधा, तपकिरी, धुरी न दिलेला माल मागावा. व्यापारी हसेल, पण देईल.

पाकाने विष नष्ट होते असे गृहीत धरू नये. काही द्रव्ये उष्णतेने विघटित होतात, काही होत नाहीत, आणि पाण्यात विरघळणारी द्रव्ये क्वाथात उतरतातच.

परीक्षणाच्या अहवालाविषयी २०१० सालचा द्राक्षांचा अनुभव लक्षात ठेवावा. त्या हंगामात भारतातून युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अवशेष तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि कंटेनर अडकून पडले. बागायतदार याला सीसीसी म्हणतात. हा माल येथून विनातपासणी गेलेला नव्हता. निर्यातीच्या द्राक्षांसाठी अवशेष-नियंत्रणाची व्यवस्था त्याआधीच उभी होती आणि पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिची संदर्भ प्रयोगशाळा होते. परंतु तपासावयाच्या द्रव्यांच्या यादीत सीसीसी नव्हते, आणि ते अतिध्रुवीय असल्याने नेहमीच्या बहु-अवशेष पद्धतीत सापडतही नाही. त्याला वेगळी पद्धत लागते. जे शोधलेच नाही ते अहवालात दिसले नाही. पुढील हंगामांसाठी ते यादीत घेतले गेले, तोवर सांगली-नाशिकच्या बागायतदारांनी मोठा तोटा सोसला होता.

तेव्हा प्रयोगशाळेच्या कागदावरील "आढळले नाही" हे शब्द वाचण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : कोणती द्रव्ये शोधली, आणि किती प्रमाणापर्यंत शोधता येत होती. शोधाची मर्यादाच उंच असेल तर अपायकारक मात्राही तिच्याखालून निसटते. मूळ द्रव्याबरोबर त्याचे परिणत रूप शोधले की नाही हेही विचारावे. अल्डिकार्बच्या बाबतीत कलिंगडात प्रामुख्याने सापडले ते सल्फॉक्साइड होते. आपल्या भागात त्या पिकावर प्रत्यक्ष काय फवारतात याची माहिती बागेतील माणसाकडून घेऊन ती यादी प्रयोगशाळेला द्यावी. डाळिंबावर तेल्यासाठी, द्राक्षावर केवड्यासाठी काय मारतात, शेवटची फवारणी कधी झाली, हे बागायतदार विश्वासाच्या माणसाला सांगतो. दलालामार्फत मार्केट यार्डातून घेतलेल्या मालाबाबत ते कोणीच सांगू शकत नाही.

लहान फार्मसीला प्रत्येक गोणीचे परीक्षण परवडत नाही, हे मी जाणतो. मीही दोन वर्षे च्यवनप्राश स्वतः केला व परीक्षणाचा खर्च पाहून थांबलो. परंतु प्रत्येक गोणीला क्रमांक देणे, बागेचे गाव व काढणीची तारीख लिहिणे, पावशेर नमुना सीलबंद करून त्या घाण्याच्या मालाची मुदत संपेपर्यंत ठेवणे, याला खर्च जवळजवळ नाही. उद्या तक्रार आली तर त्यातून एकच घाणा परत बोलाविता येतो. नोंद नसेल तर कॅलिफोर्नियातील निर्दोष शेतकऱ्याप्रमाणे सगळा माल द्यावा लागतो.

माझ्या चिकित्सालयात केसपेपरवरील आहाराच्या रकान्याखाली आता तीन ओळी छापून घेतल्या आहेत : काय खाल्ले व कोठून आणले, किती वाजता, आणि आणखी कोणी खाल्ले. छपाईला वेगळा खर्च आला नाही. गेल्या उन्हाळ्यात त्या ओळी भरताना दोन रुग्ण एकाच गाडीवरचे निघाले. दोघांच्याही बाहुल्या प्राकृत होत्या व तोंड कोरडे होते. त्यांना लाजमंड दिला.